फेब्रुवारीत स्नोड्रॉप बघायला कुठली इस्टेट धरावी? (तारीख, चिखल आणि गुडघे)

स्लाउवाली
मंडळी, सासूसासरे पुण्याहून आलेत, २२ फेब्रुवारीला परत जाणार. सासूबाई पक्क्या बागवाल्या आहेत आणि स्नोड्रॉप (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं छोटं पांढरं फूल) बघितल्याशिवाय विमानात बसणार नाहीत. जुन्या इस्टेटींच्या बागा त्यासाठी फेब्रुवारीत उघडतात एवढंच मला माहीत आहे. तर:
स्लाउपासून (लंडनच्या पश्चिमेला) गाडीने दोन तासांच्या आत कुठली बाग? नेमका कुठला आठवडा? सासऱ्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. सपाट, टणक वाटेवर तासभर आरामात चालतात, पण चढ-उतार आणि निसरडं नको. आणि खरं सांगा, बघण्यासारखं असतं का, की नुसतं फोटोत बरं दिसतं?

फुकट_फौजदार
वीतभरही नसलेलं पांढरं फूल, तेही मान खाली घालून उभं. त्याला तिकीट? कुठल्याही जुन्या चर्चच्या आवारात जा, थडग्यांच्या मधून हवे तितके दिसतील. पार्किंगसुद्धा फुकट.

टेकडीवरचा
फौजदार, चर्चच्या आवारात पुंजके दिसतात, इस्टेटीत रानच्या रान दिसतं. बर्कशरच्या वेलफर्ड पार्कला बीचच्या झाडांखाली नजर पोचेल तिथवर जमीन पांढरी असते. हा ऐवज दोनशे थडग्यांच्या मधे मावत नाही.

स्लाउवाली, आधी तारीख ठरवा, बाग मग. दक्षिण इंग्लंडात साध्या स्नोड्रॉपचा (गॅलँथस निवालिस) भर फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो. डिसेंबर-जानेवारी उबदार गेला तर सगळं आठवडा-दहा दिवस अलीकडे सरकतं, जानेवारीभर दंव पडत राहिलं तर तितकंच पलीकडे. थंडी टिकली तर एकेक फूल तीन-चार आठवडे उभं राहतं. उलट मधेच पंधरा अंशांचे चार दिवस आले की बहर भराभर उतरतो. तुमच्या तारखांत ८ ते १४ फेब्रुवारी हा सर्वांत सुरक्षित पट्टा. त्यानंतर शाळांची हाफ टर्म (सत्राच्या मधली आठवड्याची सुट्टी) सुरू होते, मग बागेत फुलांपेक्षा बाबागाड्या जास्त.

दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची. बाहेरच्या तीन पाकळ्या साधारण दहा अंशांच्या वर हवा गेली की उचलल्या जातात. त्याखाली फूल मिटलेल्या थेंबासारखं लटकून राहतं आणि आतली हिरवी खूण दिसतच नाही. कडक दंवाच्या सकाळी तर देठ चक्क आडवे झोपलेले असतात. लोकांना वाटतं मेले, पण दंव वितळलं की तासा-दोन तासांत परत उभे राहतात. म्हणून साडेअकरा ते दोन. तीनच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी शेवटचा प्रवेश असतो, आणि फेब्रुवारीत पाचला अंधारायला लागतं हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

नळस्टॉप
+१. आणि वारा बघा. या बागा म्हणजे शे-दीडशे वर्षांची मोठमोठी झाडं. वादळी वाऱ्याचा इशारा आला की फांदी पडण्याच्या भीतीने सकाळी आठला 'आज बंद' अशी पाटी लागते. निघायच्या आधी बागेचं फेसबुक पान बघायचं. संकेतस्थळावर ते बऱ्याचदा उशिरा चढतं.

केंब्रिजकर
गुडघ्यांचं वाचल्याबरोबर अँगल्सी अ‍ॅबीच म्हणणार होतो. केंब्रिजच्या ईशान्येला सहा मैलांवर, लोड गावात, नॅशनल ट्रस्टच्या (जुनी घरं-बागा सांभाळणारी संस्था) ताब्यात. केंब्रिजशायरच्या पाणथळ पट्ट्याला लागून असल्याने जमीन पोळपाटासारखी सपाट. हिवाळी बागेची वाट टणक आणि चाकाच्या खुर्चीला चालणारी आहे. ती नागमोडी आहे, त्यामुळे पुढचं वळण येईपर्यंत काय येतंय ते कळत नाही. लाल-केशरी देठांचे डॉगवूड, विच हेझेल, सार्कोकोकाचा वास (झुडूप दिसायच्या आधी वास येतो), आणि शेवटी हिमालयातल्या पांढऱ्या खोडाच्या बर्चची राई. ती खोडं बागेतली माणसं धुऊन पुसून पांढरीशुभ्र ठेवतात. स्नोड्रॉपचे ३०० च्या वर प्रकार आहेत, त्यातले काही तिथेच सापडलेले. 'रिचर्ड आयर्स' हा तिथल्या मुख्य माळ्याच्या नावाचा.

नाव अ‍ॅबी असलं तरी तिथे होती ती ऑगस्टिनियन प्रायरी, म्हणजे छोटा मठ. आताचं घर साधारण १६०० च्या सुमाराचं. १९२६ मध्ये ते पुढे लॉर्ड फेअरहेवन झालेल्या माणसाने घेतलं, बाग उभी केली, आणि १९६६ मध्ये तो गेल्यावर सगळं ट्रस्टकडे आलं. हिवाळी बाग मात्र १९९० च्या दशकातली. म्हणजे 'ऐतिहासिक' मधला हिवाळ्याचा भाग आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा लहान आहे.

स्लाउहून एम२५, एम११, मग ए१४ च्या ३५ नंबरच्या जंक्शनवरून बी११०२. रविवारी सकाळी दीड तास, शुक्रवारी दुपारी देव जाणे.

आळशी_माळी
अँगल्सी अ‍ॅबी छान, पण फार नीटनेटकी. पाट्या, कडा, रांगा. स्नोड्रॉप उतारावर सांडल्यासारखे बघायचे तर पेन्सविक रोकोको गार्डन, ग्लॉस्टरशायर. १७४० च्या दशकातली बाग, थॉमस रॉबिन्सने १७४८ मध्ये काढलेलं तिचं चित्र आहे. पुढे ती पार रानात बुडाली आणि १९८४ पासून त्याच चित्रावरून परत उभी केली. त्या इस्टेटीत एकोणिसाव्या शतकात जेम्स अ‍ॅटकिन्स नावाचा निवृत्त रोपवाटिकावाला राहायचा. 'अ‍ॅटकिन्सी' हा उंच, लवकर फुलणारा स्नोड्रॉप त्याच्या नावाचा, आणि तो तिथे ढिगाने आहे. जानेवारीच्या शेवटीसुद्धा गेलात तर तो भरात असतो.

टेकडीवरचा
आळशीभाऊ, प्रश्न वाचा. पेन्सविकची बाग दरीच्या कुशीत आहे. उतरताना मजा येते, मग तेच परत चढायचं. ओल्या उतारावर बदललेले दोन गुडघे? नको.

आळशी_माळी
गुडघे वाचलेच नव्हते असं समजा. पण सासूबाई धडधाकट असतील तर स्ट्राउडहून ६६ नंबरची बस पेन्सविक गावात जाते, तिथून बाग अर्धा मैल. सासऱ्यांना गावातल्या चर्चच्या आवारात कापून आकार दिलेली यूची झाडं मोजायला बसवा. ९९ आहेत म्हणतात, मोजणाऱ्याची संख्या कधी जुळत नाही.

फाइफची_सून
दोन तासांची अट मोडत असेल तर सोडून द्या, पण धागा पुढे कोणी शोधत येईल त्याच्यासाठी लिहिते. स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजजवळ कॅम्बो इस्टेट. स्नोड्रॉपचा राष्ट्रीय संग्रह त्यांच्याकडे आहे, आणि ओढ्याच्या काठाने रानातून चालत गेलं की वाट थेट समुद्रावर निघते. इथे बहर उशिरा सरतो, मार्चच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. इंग्लंडातली तारीख चुकलेल्यांनी उत्तरेला यावं. शेजारीच व्हिस्कीची भट्टी आहे, त्यामुळे फुलांत रस नसलेले नवरेही तक्रार करत नाहीत.

कंदमूळ
सासूबाई बागवाल्या आहेत म्हणून थोडं ओळखण्याबद्दल. सगळे पांढरेच दिसतात ही तक्रार फुलाकडे बघणाऱ्यांची असते. स्नोड्रॉप ओळखायचा पानावरून.

अरुंद, राखी-हिरवं, जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटर रुंदीचं पान, दोन पानं समोरासमोर चपटी निघालेली: निवालिस. रानात लाखोंनी असतो तो हाच. रुंद, राखी आणि बुंध्याशी एका पानाने दुसऱ्याला गुंडाळलेलं: एल्वेसी. रुंद पण राखी नाही, चकचकीत हिरवं: वोरोनोवी. पानाच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या: प्लिकाटस. ही घडी बोटाने कळते. पान वाकवायचं नाही, कडेवरून नुसतं बोट फिरवायचं.

मग फुलाकडे. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या, आतल्या तीन आखूड. आतल्या पाकळीच्या टोकाला खाच आणि तिच्यावर हिरवी खूण, निवालिसला उलट्या व्हीसारखी. एल्वेसीला बहुतेक वेळा दोन खुणा, एक टोकाशी, एक मुळाशी, कधी दोन्ही मिळून एक्ससारख्या. आत घागऱ्यासारख्या दाटीवाटीच्या पाकळ्या असतील तर 'फ्लोर प्लेनो', दुहेरी निवालिस. त्याला बी धरत नाही, पसरतो तो फक्त बाजूच्या पिल्लू-कंदांनी. तरी रानंच्या रानं भरलेली दिसतात. याचा अर्थ माणसांनी पिढ्यानपिढ्या ते उपटून, सुटे करून लावलेत. इस्टेटीतला 'नैसर्गिक' गालिचा बराचसा खुरप्याचा आहे.

सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या आणि प्रत्येकीच्या टोकावर ठिपका दिसला तर तो स्नोड्रॉप नव्हेच, ल्युकोजम. फेब्रुवारीत शेजारी-शेजारी फुलतात आणि निम्मे फोटो त्याचेच निघतात.

खिशात छोटा आरसा ठेवा. फुलाखाली धरला की फूल न उचलता आतली खूण दिसते. संग्रहाच्या वाफ्यात फुलाला हात लावलेला आवडत नाही, आणि ते रास्त आहे.

स्लाउवाली
कंदमूळ, दंडवत. आरशाची कल्पना सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी पर्समधली डबी काढून दाखवली.

जुनं_खोड
पण हे फूल इंग्लंडचं आहे का मुळात? सगळे 'परंपरा, परंपरा' म्हणतात.

कंदमूळ
खोडसाहेब, पक्कं कोणी म्हणत नाही. बागेतली नोंद १५९७ ची आहे, जेरार्डच्या वनस्पतिग्रंथातली. रानात आपोआप वाढताना पहिल्यांदा नोंदलं गेलं ते थेट १७७८ मध्ये. एवढं ठसठशीत फूल जर मूळचंच असतं तर मधल्या पावणेदोनशे वर्षांत कुणालाच दिसलं नसतं का, हा एका बाजूचा युक्तिवाद. मठवासीयांनी २ फेब्रुवारीच्या कँडलमासच्या सणासाठी लावलं असं सांगतात, आणि जुन्या मठांच्या जागी ते खरोखर भरपूर असतं. वेलफर्ड पार्कची जमीनही एकेकाळी अ‍ॅबिंग्डनच्या मठाची होती. पण लावल्याची लेखी नोंद आणि सांगोवांगी यांत फरक करावा.

एल्वेसी मात्र नक्की कुठून आला ते माहीत आहे. कोल्सबोर्न पार्कच्या हेन्री जॉन एल्वेसला तो १८७४ मध्ये स्मर्नाजवळच्या, म्हणजे आजच्या इझमीरच्या, डोंगरात सापडला. हा गृहस्थ त्याआधी सिक्कीमही फिरून आलेला. कोल्सबोर्न अजून त्याच घराण्याकडे आहे, चेल्टनहॅम आणि सायरनसेस्टरच्या मधे. फेब्रुवारीच्या आगेमागे शनिवार-रविवारच उघडतं. साडेतीनशेच्या आसपास प्रकार, आणि तळ्याचं पाणी पाण्यात तरंगणाऱ्या चिकणमातीच्या सूक्ष्म कणांमुळे विचित्र निळं दिसतं. संग्रह म्हणून इंग्लंडात त्याला तोड नाही असं माझं मत. गुडघ्यांसाठी मात्र नाही, वाटा गवताच्या आणि उताराच्या आहेत.

फुकट_फौजदार
साडेतीनशे प्रकार आणि सगळे पांढरे. यांना रंगाऱ्याकडे पाठवा कोणीतरी.

केंब्रिजकर
पिवळेही असतात हो. 'वेंडीज गोल्ड' आमच्या केंब्रिजजवळ वँडलबरीला सापडला, खूण आणि बीजकोश दोन्ही पिवळे. पिवळ्यांच्या किमती ऐकाल तर बसाल: २०१५ मध्ये 'गोल्डन फ्लीस'चा एक कंद ईबेवर १,३९० पौंडांना गेला, २०२२ मध्ये 'गोल्डन टिअर्स' १,८५० पौंडांना. एक कंद.

फुकट_फौजदार
१,८५० पौंडांचा कांदा! फोडणीला घातला तर?

बोचरा_वारा
फौजदार, विनोद बाजूला ठेवून: तो खरोखर कांद्याच्याच कुळातला आहे (अ‍ॅमॅरिलिडेसी: कांदा, लसूण, नागदवणा, रेन लिली, डॅफोडिल सगळे एका घरचे), पण विषारी आहे. लायकोरिन आणि गॅलँटामिन ही अल्कलॉइडं कंदात असतात. उलट्या, जुलाब, जास्त गेलं तर त्याहून वाईट. फूल नसताना पानांचा जुडगा कोवळ्या पातीसारखा दिसतो आणि कंद छोट्या कांद्यासारखा. लहान मुलं आणि कुत्री सांभाळा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कंदाची पिशवी ठेवायची नाही.

त्यातलंच गॅलँटामिन अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम अवस्थेत औषध म्हणून देतात. १९५० च्या दशकात बल्गेरियात स्नोड्रॉपवरून त्याचं काम पुढे गेलं. आता ते कारखान्यात बनवतात किंवा डॅफोडिलमधून काढतात, वेल्सच्या डोंगरात त्यासाठी लागवड आहे.

स्लाउवाली
बरं झालं सांगितलंत. आता पुढचा प्रश्न ओळखला असेलच: सासूबाईंना दोन कुंड्या पुण्याला न्यायच्यात.

नळस्टॉप
नाही. नाही. आणि नाही.
एक, गॅलँथसच्या सगळ्या जाती १९९० पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, सीमा ओलांडायला परवाना लागतो. दोन, भारतात जिवंत रोप किंवा कंद आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि इथलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं. मोज्यात लपवून नेणाऱ्यांच्या गोष्टी इथे टाकू नका, धागा उडेल. तीन, एवढं करून नेलंत तरी पुण्यात जगणार नाही. कंदाला कित्येक आठवडे सलग गारवा लागतो, त्याशिवाय देठ वर येत नाही. आणि विश्रांतीच्या काळात, म्हणजे नेमक्या आपल्या पावसाळ्यात, उबदार चिखलात कंद कुजतो. त्यांना रेन लिली लावू द्या. त्याच कुळातली, पांढरी, आणि पहिल्या सरीला फुलते.

आळशी_माळी
स्लाउच्या अंगणात मात्र जरूर लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल सरल्यावर हिरव्या पानांसकट मुळांवर निघालेले जुडगे इस्टेटींच्या दुकानांत आणि टपालाने मिळतात. साधा निवालिसच घ्या. शरदात पाकिटात मिळणारे कोरडे कंद घेऊ नका. त्या कंदाला जाड बाहेरचं साल नसतं, फळीवर दोन-तीन महिन्यांत वाळून खडखडीत होतो आणि निम्मे उगवतच नाहीत. जुडगा आणला की त्याच दिवशी लावायचा. देठावर पांढऱ्याचा हिरवा होतो तिथवर मातीत. एका खड्ड्यात तीन ते पाच, दोन खड्ड्यांत वीतभर अंतर. पानगळीच्या झाडाखाली किंवा झुडपाच्या उत्तरेला. मातीत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरपूर. पाणी घालायचं आणि पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे मे-जूनपर्यंत, ना कापायची, ना गाठ मारायची, ना त्यावरून गवताचं यंत्र फिरवायचं.

कंदमूळ
हिरव्यात लावण्याचा एवढा उदोउदो करू नका, आळशीभाऊ. स्नोड्रॉपचं मूळ एकदा तुटलं की त्या हंगामात त्याला फाटा फुटत नाही. भर वाढीत उपटून टपालात तीन दिवस ठेवलेला जुडगा म्हणजे मुळं गेलेली, पानं दोन आठवड्यांत लोळलेली आणि पुढच्या वर्षी फूल नाही. कंद पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या जोरावर भरतो. हलवायची खरी वेळ पानं पिवळी पडताना, मेअखेर ते जून. तेव्हा काढायचा आणि वाळू न देता लगेच लावायचा, वरून मातीचा थर कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट. किंवा कुंडीतला, मुळांचा गोळा न फोडता.

आळशी_माळी
जूनमध्ये पानं गेल्यावर कंद कुठे आहे ते कसं सापडणार? हिरव्यात लावतात ते त्यासाठीच: दिसतं, मोजता येतं, विकता येतं. इस्टेटींनी शंभर वर्षं हेच केलं आणि रानं भरली.

कंदमूळ
इस्टेटीत जुडगा उपटतात आणि पाच मिनिटांत दहा पावलांवर लावतात, मुळांना मातीचा गोळा तसाच. टपालाची पिशवी आणि हे एक नव्हे. फेब्रुवारीत जुडग्याशेजारी काडी रोवून ठेवा, जूनमध्ये सापडेल.

टेकडीवरचा
दोघांच्या मधला मार्ग: फुलावर असलेली कुंडी घ्या. इस्टेटीच्या दुकानात साध्या निवालिसची कुंडी थोडक्या पौंडांत मिळते. फूल डोळ्यांनी बघून घेता येतं, नाव चुकत नाही, मूळ तुटत नाही. विषय संपला.

जुनं_खोड
विषय कुठला संपतोय. एका कंदाचे पंधरा करतात म्हणे, ते कसं? एक महाग कंद घेऊन वाढवता येतील का?

कंदमूळ
येतात, त्याला चिपिंग म्हणतात. महाग कंदावर पहिला प्रयोग करू नका, निवालिसवर हात बसवा.

वेळ मे ते जुलै, कंद झोपलेला असताना. घट्ट, डाग नसलेला कंद घ्या. बाहेरचा तपकिरी पापुद्रा आणि जुनी मुळं काढा, पण बुडाची चकती (जिथून मुळं फुटतात ती) शाबूत ठेवा. सगळं तिच्यावर आहे. शेंड्याचं टोक छाटा. पातळ पात्याचं नवं ब्लेड, प्रत्येक कापाआधी स्पिरिटने पुसलेलं. कंद उलटा ठेवून चकतीतून सरळ खाली कापा: दोन, चार, आठ. मोठा कंद असेल तर सोळा. प्रत्येक फाकेला चकतीचा तुकडा लागलेला हवा. नसेल त्या फाकेतून काहीही येणार नाही, फेकून द्या.

फाका बुरशीनाशकात बुडवून निथळू द्या. मग जेमतेम ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), दहा मापं व्हर्मिक्युलाइटला एक माप पाणी. मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर जास्त झालं. पॉलिथीनच्या पिशवीत, आत हवा ठेवून, तोंड बांधून, अंधारात वीस अंशांच्या आसपास बारा आठवडे. दर आठवड्याला बघायचं. जी फाक बुरशीने धरली ती लगेच बाहेर, नाहीतर सगळी पिशवी जाते. बारा आठवड्यांनी चकतीवर, पापुद्र्यांच्या मधे ज्वारीच्या दाण्याएवढे पिल्लू-कंद दिसतात. जुने पापुद्रे न काढता तसेच कुंडीत, वरून दोन सेंटिमीटर माती आणि थोडी बारीक खडी. फूल यायला तीन-चार वर्षं.

बिघडतं ते तीन ठिकाणी: पातं नीट न पुसल्याने, पाणी जास्त झाल्याने, आणि नवव्या आठवड्यात उत्सुकतेने पिशवी उपसल्याने.

फुकट_फौजदार
चार वर्षांत फूल. तोवर सासूबाई तीनदा येऊन जातील. वाखुसा (वाचनखूण साठवली).

बोचरा_वारा
रोगांचंही कोणीतरी सांगा म्हणून मीच. उबदार, ओल्या हिवाळ्यात कोंब बाहेर येतानाच त्यावर करडी बुरशी दिसली तर ती बॉट्रायटिस गॅलँथिना. तो पुंजका मातीसकट काढून कचऱ्यात, खताच्या ढिगात नाही. नार्सिसस माशी मे-जूनमध्ये उन्हातल्या, सुकत्या पानांच्या बुडाशी अंडी घालते, अळी कंद आतून पोखरते. सावलीतल्या कंदांना त्रास कमी. हातात घेतल्यावर मऊ लागणारा कंद लावू नका.

लेन्सवाला
फोटोबद्दल तीन गोष्टी. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ जाते आणि फूल खालून दिसतं. पांढरं जळू नये म्हणून उजेड दोन-तीन घरं कमी करा. कडक उन्हापेक्षा पातळ ढग बरे. गुडघे टेकायला जाड प्लास्टिकची पिशवी किंवा बसकर.

आणि वाटेवरूनच. जी जागा रिकामी दिसते तिथे उशिरा येणारे कोंब मातीच्या जस्ट खाली असतात. एक पाऊल पडलं की तुटतात, आणि दाबलेल्या मातीत पुढची दोन-तीन वर्षं तिथे टक्कल राहतं. कासच्या पठारावर कुंपण का घालावं लागलं ते आठवा.

नळस्टॉप
पायांत: गमबूट वेलफर्ड, पेन्सविक आणि कोल्सबोर्नला. गाड्या गवतावर लावायच्या असतात आणि पावसानंतर ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात, त्यामुळे उताराच्या तळाशी गाडी लावू नका. गमबुटाला एक नंबर मोठा, आत दोन मोजे. पण बदललेल्या गुडघ्यांना गमबूट वाईट, घोट्याला आधार नसतो. त्यांना घट्ट बांधलेले खोल खाचांचे चालायचे बूट. काठीची रबरी टोपी घासलेली असेल तर आधी नवी बसवा, ओल्या फरशीवर तीच दगा देते.

जुनं_खोड
थर्मास आणि थालीपीठ?

टेकडीवरचा
गाडीत. बहुतेक बागांत आत डबा उघडू देत नाहीत, चहाच्या खोलीत तर नाहीच. तिथलं सूप बहुतेक वेळा शाकाहारी असतं, पण स्टॉक कशाचा ते विचारावं.

स्लाउवाली
मूळ प्रश्नाकडे: म्हणजे अँगल्सी अ‍ॅबी की वेलफर्ड? वेलफर्ड एम४ च्या १४ नंबरच्या जंक्शनजवळ दिसतंय, स्लाउहून तासाच्या आत. आणि टीव्हीवरच्या बेक ऑफ या बेकिंग स्पर्धेचा तंबू तिथलाच ना? सासूबाई तो कार्यक्रम बघतात.

टेकडीवरचा
तिथलाच, २०१४ पासून, २०२० आणि २०२१ सोडून. पण फेब्रुवारीत तंबू नसतो, तेवढं आधी सांगा. वेलफर्डची वाट बरीचशी सपाट आहे, लँबर्न नदीच्या कडेने, पण ती रानातली माती आहे. आठवडाभर पाऊस नसेल तर जा, सासरे जमतील. पाऊस पडला असेल तर नको. बुधवार ते रविवार उघडं असतं, तारखा दरवर्षी बघून घ्या.

केंब्रिजकर
माझं मत अजूनही अँगल्सी. दोन्हींची तिकिटं एकदम काढू नका. आधी अँगल्सीचं मंगळवार-बुधवारचं, साडेअकराचं तिकीट काढा, वारं आलं तर बदलायला दिवस हाताशी राहतात. सासऱ्यांसाठी बॅटरीची गाडी आधी फोन करून राखून ठेवता येते, बसले नाहीत तरी असू दे. हिवाळी बागेच्या शेवटी लोडची पाणचक्की आहे, चालू असली तर दळलेलं पीठ विकत मिळतं. रानातला गालिचा हवाच असेल तर त्याच आठवड्यात कोरडा दिवस बघून वेलफर्ड, तेही सासूबाई आणि तुम्ही दोघीच.

स्लाउवाली
ठरलं. अँगल्सी मंगळवारी, वेलफर्ड हवामान बघून. सासरे म्हणतायत बॅटरीच्या गाडीत बसणार नाहीत, पण चालवून बघतील. नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व घ्यावं का एका भेटीसाठी?

नळस्टॉप
एका भेटीसाठी नको. वर्षात चार जागा होणार असतील तर घ्या. आणि चालताना कोणाच्या मदतीची गरज लागत असेल तर ट्रस्टचं सोबत्यासाठीचं मोफत कार्ड मिळतं, त्यावर मदतनीसाचं तिकीट लागत नाही. ते आजच मागवा, टपालाने यायला वेळ लागतो.